सव्वा इंच

घरात लाकडी फ्लोअरिंग करायचं ठरलं की पहिले काही महिने रंगावर जातात. सागवान की ओक, पॉलिश चमकदार की मॅट, पट्ट्या सरळ टाकायच्या की तिरक्या. दुकानात हातभर लांबीचे नमुने मांडलेले असतात. त्यांवरून घरातला प्रत्येक जण हात फिरवतो, एखादा वास घेऊन बघतो, एखादी आत्या नखाने ओरखडा काढून बघते आणि दुकानदार तेवढ्यापुरता दुसरीकडे पाहतो. जाडी मात्र कोणी विचारत नाही. विचारलीच तर मजबुतीपुरती. जाड म्हणजे भक्कम, भक्कम म्हणजे पैसे वसूल, विषय संपला. त्या जाडीमुळे घरातली जमीन वर येणार आहे आणि दारं, पडदे, न्हाणीघर, ओटा यांना कोणी त्याची आगाऊ सूचना दिलेली नाही, हे सहसा काम सुरू झाल्यावर कळतं. तोवर ॲडव्हान्स गेलेला असतो.

आमच्या साडूंचं नशीब चांगलं. त्यांना मिस्त्री आधी भेटला.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, वीसेक वर्षांचा, जमिनीला व्हिट्रिफाइड टाइल्स. साडूंनी सागवान पसंत केलेलं होतं. सागवानाच्या बाबतीत ते हळवे आहेत, कारण लहानपण बल्लारपूरला गेलं. तिथल्या लाकूड डेपोबद्दल ते घरच्या मळ्याबद्दल बोलावं तसं बोलतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी तिकडचं सागवान गेलं, ही २०२३ सालची बातमी त्यांनी आम्हा प्रत्येकाला स्वतंत्र फोन करून दिली होती. मिस्त्रीलाही ती मिळाली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "साहेब, खालचं किती धरायचं?"

साडू म्हणाले, "खालचं म्हणजे?"

"लाकूड वरचं झालं. खालचं काय आणि किती?"

या प्रश्नावर घरात जी शांतता पसरली ती मी दहावीच्या निकालाच्या दिवशी अनुभवली होती.

हिशेब तसा सोपा. भरीव लाकडाची पट्टी १८ ते २० मिलिमीटरची येते. ती खिळ्याने किंवा स्क्रूने बसवायची तर खिळ्याला धरायला काहीतरी हवं, टाइल खिळा धरत नाही. म्हणून खाली १२ मिलिमीटरचं प्लायवूड. प्लाय आणि टाइल यांच्यामध्ये ओल अडवणारं प्लास्टिक आणि पातळ फोम, ते २ मिलिमीटर. पट्टी १८ ची धरली तरी बेरीज ३२. मिस्त्रीच्या भाषेत दहा सूत, कारण आठ सुतांचा इंच. साडूंच्या भाषेत सव्वा इंच. मेहुणीच्या भाषेत "एवढंसंच ना!" जुन्या पद्धतीने आडव्या रिपा टाकून त्यांवर फळ्या ठोकल्या असत्या तर आणखी अर्धा इंच सहज वाढला असता, आणि फळ्यांखालच्या पोकळीत झुरळांची वसाहत झाली असती ती वेगळी.

मिस्त्रीने मग एक गोष्ट केली जी मला फार आवडली. प्लायचा एक तुकडा, त्यावर फोमची चिंधी, त्यावर सागवानाच्या नमुन्याचा तुकडा, असं एकावर एक ठेवून रबरबँड लावला. सव्वा इंचाचा ठोकळा तयार झाला. तो हातात घेऊन तो घरभर फिरला आणि जिथे जिथे जमीन संपते तिथे तिथे टेकवून बघत गेला. त्याच्या मागे साडू, साडूंच्या मागे मी. कागदावरचा ३२ हा आकडा निरुपद्रवी दिसतो. तोच दाराखाली सरकवायला गेलं की आत शिरत नाही.

पहिलं अडलं शयनगृहाचं दार. दाराखाली फट दोन-तीन सुतांची, ठोकळा दहा सुतांचा. म्हणजे दार खालून इंचभर तरी कापायला हवं. भरीव चौकटीच्या फ्लश डोअरला इंचभर कापलेलं चालतं, कारण कडेने लाकडाची पट्टी असते. स्वस्त, आतून पोकळ दार घेतलेलं असेल तर जास्त कापताच आतली पुठ्ठ्याची जाळी बाहेर डोकावते, आणि आपण इतकी वर्षं कशाच्या आड कपडे बदलत होतो हे कळतं. चौकटीचे पायही तळाशी करवतीने कापावे लागतात, म्हणजे पट्टी चौकटीखाली सरकते आणि कडेला सिलिकॉन भरायची पाळी येत नाही. हे काम चांगला सुतार उरलेल्या पट्टीचा तुकडा जमिनीवर ठेवून, त्यावर करवत आडवी टेकवून करतो. त्यामुळे मापात चूक होत नाही.

मुख्य दाराचा प्रश्न निराळा. ते आत उघडतं, सागवानी आहे, खाली पितळी पट्टी मारलेली आहे. बाहेरचा लॉबीचा ग्रॅनाइट सोसायटीचा, त्याला हात लावता येत नाही. शिवाय मुख्य दार कापणं वास्तूच्या दृष्टीने कसं, असा प्रश्न मेहुणीने विचारला. न्हाणीघराचं दार कापायला वास्तूची हरकत नव्हती. वास्तूलाही श्रेणीव्यवस्था मान्य असावी.

न्हाणीघरापाशी मिस्त्री जास्त वेळ थांबला. तिथली फरशी खोलीपेक्षा पाऊण इंच खाली आहे, ते योग्यच, पाणी आतच राहायला हवं. मधे ग्रॅनाइटचा अर्धा इंच वर आलेला उंबरा. आता खोली सव्वा इंच वर आली की हा उंबरा खोलीपेक्षा पाऊण इंच खाली जाणार आणि न्हाणीघराची फरशी पुरते दोन इंच खाली. आत जाताना पाऊल अपेक्षेपेक्षा उशिरा टेकणार, बाहेर येताना ओलं पाऊल बरोबर लाकडाच्या उघड्या कडेवर पडणार. आणि रात्री अडीच वाजता दिवा न लावता जाणारा माणूस हे दोन्ही विसरणार.

पण खरी मेख स्वयंपाकघराच्या दारात होती. तिथे दारच नाही, नुसता मोकळा रस्ता. स्वयंपाकघरात टाइल्स तशाच ठेवायच्या होत्या, हॉलला लाकूड. म्हणजे रस्त्याच्या मधोमध सव्वा इंचाची पायरी. साडू म्हणाले, "सव्वा इंच म्हणजे काय पायरी झाली?"

तिथेच तर गोम आहे. सहा इंचाची पायरी डोळ्यांना दिसते, माणूस पाय उचलतो. सव्वा इंचाची दिसत नाही. आपण सपाट जमिनीवर चालतो तेव्हा पुढे येणारा पाय जमिनीच्या किती वरून जातो, याची मापं घेतलेली आहेत. सर्वांत खालच्या क्षणी चवड्याखाली साधारण एक-दीड सेंटिमीटरच अंतर असतं. शरीर काटकसरी आहे, लागतं त्याहून जास्त पाय ते उचलत नाही. त्या अंतरापेक्षा थोडी जास्त उंच आणि नजरेच्या दृष्टीने नगण्य, अशी कोणतीही गोष्ट माणसाला पाडायला उत्तम. अपंग आणि वृद्धांच्या सोयीसाठी केलेले नियम म्हणूनच उंबरा १२ मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत आणि तेवढ्यालाही कडेने उतार द्यायला सांगतात. आपले ३२.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन भागातल्या ३६व्या रस्त्यावरच्या भुयारी रेल्वेस्थानकात एक जिना होता. त्यातली एक पायरी इतरांपेक्षा जेमतेम इंचाच्या अंशाने उंच. २०१२ मध्ये एका चित्रपट दिग्दर्शकाने तिथे कॅमेरा लावला, तर माणसं एकामागून एक त्याच पायरीवर अडखळताना दिसली. वर गंमत अशी की प्रत्येकाला वाटत असणार की आपलंच लक्ष नव्हतं. ती चित्रफीत जगभर फिरल्यावर रेल्वेने जिना दुरुस्त केला. ज्यांच्या घरात आतला जिना आहे त्यांनी ही गोष्ट जपून ठेवावी. खालच्या मजल्याला लाकूड घातलं की पहिली पायरी सव्वा इंचाने बुटकी होते, वरच्या मजल्याला घातलं की शेवटची तेवढीच उंच, आणि पाय मात्र मधल्या पायऱ्यांचा पाढा म्हणत येतात.

साडूंच्या आईंचं वय ऐंशीच्या पुढे. हे सगळं चालू असताना त्या स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून तांदूळ निवडत होत्या. ठोकळा त्यांच्या पायाशी टेकवला गेला तेव्हा त्यांनी विचारलं, "हे काय रे?"

साडू म्हणाले, "आई, आपली जमीन एवढी वर येणार."

त्यांनी ठोकळ्याकडे पाहिलं. "वर येऊ दे की. पण उंबरा करायचा तर नीट दिसेल असा कर. हे काय, ना उंबरा ना सपाट."

काकू मूळच्या राजापूरकडच्या. कोकणातल्या घरात जमिनीच्या पातळ्या भरपूर. अंगणातून दोन पायऱ्या चढलं की पडवी, पडवीतून आणखी वर ओटी, ओटीवरून उंबरा ओलांडून माजघर. पावसाचं पाणी पडवीपर्यंत येऊ शकेल, ओटीवर नाही, असा हिशेब त्यात होता. कोणी कुठवर यायचं, हाही होता, आणि तो सगळाच काही आठवण काढून गहिवरावं असा नव्हता. पण पातळी बदलली की ती स्पष्ट दिसायची. उंबरा चांगला वीतभर. त्यावर बसू नये, त्यावर शिंकू नये, नरसिंहाने हिरण्यकश्यपूला तिथेच मारला, इतकी सगळी तंबी मुलांना मिळाल्यावर उंबरा आहे हे विसरण्याची सोयच नव्हती. फ्लॅटमध्ये आपण सगळं एका पातळीत आणलं, हे चांगलंच झालं. आता पुन्हा पातळ्या करायच्या तर इतक्या चोरट्या का कराव्यात?

मग तडजोडी सुरू झाल्या. पहिली सूचना साडूंची: उतार देऊ. बाजारात धातूच्या नि लाकडाच्या रिड्यूसर पट्ट्या मिळतात, पण त्या पाच-सहा सुतांपर्यंत ठीक. दहा सुतांना सोसवेल असा उतार म्हणजे एकास बारा, व्हीलचेअरच्या रॅम्पला देतात तो. सव्वा इंच उतरायला सव्वा फूट लांबी. दोन-अडीच फुटांच्या त्या रस्त्यात सव्वा फूट घसरगुंडी. मिस्त्रीने ती खडूने आखून दाखवली. ती बरोबर फ्रिजच्या दारापाशी संपत होती.

दुसरी सूचना मेहुणीची: मग स्वयंपाकघरच वर घेऊ, वाळू-सिमेंटचा थर टाकून. ही सूचना मला आधी फार पटली. पण ३२ मिलिमीटरच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरतं. दहा चौरस मीटरच्या स्वयंपाकघरात साडेसहाशे किलो, नुसते शेजारच्या खोलीला खांदा लावायला. सागवानाची १८ मिलिमीटरची पट्टी चौरस मीटरला बाराएक किलोच असते, म्हणजे ज्या लाकडापायी हा उद्योग त्याच्या पाचपट वजन. आणि ओट्याचं काय? ओटा ३४ इंचांचा, मेहुणीच्या उंचीला बेतून केलेला. जमीन वर आली की तो पावणेतेहेतीसचा होणार. पोळ्या लाटताना कंबर वाकणार ती रोज, आणि त्याबद्दल बोलणं ऐकणार साडू, तेही रोज.

बाल्कनीकडे मिस्त्रीने फक्त ठोकळा दाखवला आणि मान हलवली. सरकत्या काचेच्या दाराचा खालचा चॅनेल जमिनीच्या वर अर्धा इंच. लाकूड आलं की तो खड्ड्यात. जुलैत वाऱ्याबरोबर येणारं पाणी आजवर त्या चॅनेलमध्ये अडतं आणि भोकांतून बाहेर जातं. उद्या ते थेट सागवानाला भेटायला येईल. बाल्कनीतही लाकूड घालायचं साडूंच्या मनात होतं, ते तर मी स्वतःच खोडून काढलं. जमीन वर घेतली की कठडा तेवढाच खाली जातो, आणि नातू आता खुर्ची ओढायला शिकला आहे.

बाकी बारीकसारीक: हॉलचे पडदे जमिनीवर लोळणार, टाइलची चार इंची स्कर्टिंग पावणेतीन इंची दिसणार, दाराचा चुंबक खाली आणि त्याचा जोडीदार वर राहणार. पंख्याखालून जाताना उंच भाचा मान तुकवणार, पण तो नोकरी लागल्यापासून कोणापुढे मान तुकवत नाही, तेव्हा बघू.

या सगळ्या फेरीत मला एक गोष्ट उमगली. जाडी लाकडाची असते, पण उंची कधी एका खोलीची नसते. ती दोन खोल्यांमधली असते. हॉलमध्ये उभं राहून तुम्ही कितीही वेळ हॉलची उंची ठरवा, ती ठरत नाही. ती न्हाणीघराच्या दारात ठरते, ओट्यापाशी ठरते, लॉबीच्या ग्रॅनाइटवर ठरते. दुकानात मांडलेल्या नमुन्याला शेजार नसतो, म्हणून तो इतका देखणा दिसतो.

लाकडाला वर येण्याची हौस फारशी नाही, हेही सांगायला हवं. त्याची हौस आडवी. एप्रिलमधल्या पुण्याच्या कोरड्या दुपारी ते आकसतं, जुलैत हवेतलं पाणी पिऊन रुंद होतं, लांबीला जवळजवळ हलत नाही. म्हणून भिंतीच्या कडेने चारही बाजूंना १० ते १२ मिलिमीटर जागा मोकळी सोडून वर स्कर्टिंगने झाकतात. ती सोडली नाही तर पट्ट्या एकमेकींना रेटत मधोमध फुगतात, आणि मग उंचीचा विषय मिस्त्रीच्या हातात राहत नाही. लाकडात किती ओलावा चालेल याचं भारतीय मानकही आहे, आयएस २८७. त्यात हवेच्या दमटपणाप्रमाणे देशाचे चार विभाग केले आहेत. रत्नागिरीला जमलेली गोष्ट नागपूरला जमेलच असं नाही, हे लाकडाच्या बाबतीत सरकारने लेखी मान्य केलेलं आहे.

शेवटी दोनच रस्ते उरले. एक, टाइल्स आणि त्यांखालचा थर उपसून काढायचा. टाइल आणि माल मिळून दीड-दोन इंच जागा सहज निघते, त्यात सव्वा इंचाचं काम बसतं, उरलेल्या जागेत पातळ कोबा करून लेव्हल घ्यायची आणि लाकूड स्वयंपाकघराच्या टाइलशी अगदी सपाट भेटवायचं. किंमत म्हणजे धूळ, खालच्या मजल्यावरच्यांचे फोन, सोसायटीची परवानगी, आणि जमिनीतून गेलेल्या वायरिंगच्या पाइपांचा नकाशा नसल्यामुळे प्रत्येक ठोक्याला धडधड. शिवाय कोबा वाळेपर्यंत थांबणं. जाडीच्या दर इंचाला महिना, असा ढोबळ हिशेब धरतात. वाळला की नाही हे बघायला पॉलिथिनचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवतात, आत थेंब दिसले तर पुन्हा वाट बघायची. दुसरा रस्ता, प्लाय गाळून पट्टी गोंदाने थेट टाइलवर चिकटवायची. उंची सहा-सात सुतांवर येते. किंवा भरीव लाकडाचा हट्ट सोडून प्लायच्या पाठीवर लाकडाचा थर असलेली, १४-१५ मिलिमीटरची इंजिनिअर्ड पट्टी घ्यायची. अशी उंची रिड्यूसरला झेपते. पण वरचा थर दोन ते चार मिलिमीटरचाच, म्हणजे भरीव लाकूड जसं पुन्हा पुन्हा घासून नवं करता येतं तसं इथे फार वेळा करता येत नाही.

माझं मत मी साडूंना तिथेच दिलं आणि अजून तेच आहे. फोडायचं बळ असेल तर फोडा आणि अस्सल सागवान घाला, नाहीतर पातळ पट्टी घ्या. टाइल तशीच ठेवून वर प्लाय, वर भरीव लाकूड, आणि मग वर्षभर प्रत्येक पाहुण्याला "जरा जपून हं" म्हणत दारात उभं राहायचं, हा मधला मार्ग वाईट. साडूंनी फोडायचं ठरवलं. बल्लारपूरच्या माणसाकडून दुसरं काय होणार.

तुम्हीही या वाटेने जाणार असाल तर एवढं करा. दुकानात जाण्याआधी असा एक ठोकळा बांधा आणि तो घरातल्या प्रत्येक दाराखाली, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, बाल्कनीच्या चॅनेलशी, ओट्याच्या पायथ्याशी टेकवून बघा. निघालेले आकडे एका कागदावर लिहा आणि तो कागद थेट मिस्त्रीच्या हातात द्या. घरात कोणाला दाखवू नका, पुन्हा रंगाचा विषय निघेल.